शॉकअपची खतावणी

मराठीने इंग्रजीकडून जे शब्द उसने घेतले आणि मुद्दल-व्याजासकट बुडवले, त्यांत 'ॲडजस्ट' या शब्दाचा नंबर फार वरचा लागेल. साहेबाच्या भाषेत माणूस वस्तूला ॲडजस्ट करतो. आपल्याकडे वस्तू जागची हलत नाही. माणूस ॲडजस्ट होतो. नळ गळायला लागला की आपण त्याच्याखाली बादली ठेवतो आणि रात्री त्या टपटपीच्या तालावर झोपायला शिकतो. पावसाळ्यात दार फुगले की ते किंचित उचलून, खांद्याने रेटून, एका विशिष्ट कोनात लावण्याची कला घरातले लहान मूलसुद्धा आत्मसात करते. एसटीत तिघांच्या बाकापाशी चौथा येतो, "जरा ॲडजस्ट करा की" एवढेच म्हणतो, आणि भिन्न गावांचे, भिन्न पक्षांचे, मुख्य म्हणजे भिन्न घेरांचे तीन नागरिक एकदिलाने खिडकीकडे सरकतात.

त्यामुळे आमच्या मिस्त्रींच्या तोंडून 'ॲडजस्टेबल शॉकअप' हे दोन शब्द जोडीने ऐकले, तेव्हा मला गहिवरून आले. माणसासाठी स्वतः ॲडजस्ट होणारी वस्तू! बावीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत मी असे काही पाहिले नव्हते.

आता गाडीविषयी. आमची गाडी म्हणजे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. हिचे माहेर इटलीचे. तिकडच्या फियाट 1100 या गाडीची ही हिंदुस्थानी आवृत्ती. 1964 पासून ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे चित्तोडच्या राणीचे नाव लावून देशभर नांदली. इंजिन 1089 सीसीचे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने तिथली दोन-तीन पिढ्यांची वरात वाहिली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून टॅक्सी म्हणून ती तिथून निवृत्त झाली. आमची मात्र टॅक्सी नसल्याने आणि कोल्हापुरात असल्याने दर पाच वर्षांनी नोंदणीची मुदत वाढवून घेत अजून सेवेत आहे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1995 साली एका डॉक्टरांकडून घेतली. अण्णा हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. मी त्यांच्याच वर्गात होतो आणि त्यांनी मला शास्त्रात कधी साठाच्या वर गुण दिले नाहीत. "तू माझा मुलगा आहेस, म्हणून दोन कमी. बाकीचे तुझ्या उत्तरांमुळे कमी," असा त्यांचा हिशेब होता. मी कॉमर्सला गेलो याचे मूळ या वाक्यात आहे.

आज अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याची चकती सरकली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले आणि निरोप देताना सांगितले, "प्रवासाला हरकत नाही, फक्त धक्के टाळा." कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला हे सांगणे म्हणजे माशाला पाणी टाळा म्हणण्यापैकी. तेव्हापासून देवरूखजवळच्या आमच्या मूळ घरचा गणपती अण्णांना दिसला नाही. तिथे चुलतभावाने मूर्ती आणायची, फोनवर आरती ऐकवायची, आणि अण्णांनी इकडे खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या, असे सलग चार वर्षे चालले. पहिल्या वर्षी ते काही बोलले नाहीत. चौथ्या वर्षी आरती संपल्यावर म्हणाले, "फोनवर धुपाचा वास येत नाही." एवढेच.

मेहुण्याची नवी मोठी गाडी होती, पण तिच्यात चढायचे म्हणजे अण्णांना गच्चीवर चढल्यासारखे. शेजाऱ्यांची छोटी नवी गाडी होती, पण तिच्यात उतरायचे म्हणजे विहिरीत उतरल्यासारखे. पद्मिनीची सीट मात्र बरोब्बर जेवणाच्या खुर्चीएवढ्या उंचीवर. दार उघडावे, पाठ करावी, बसावे आणि पाय आत घ्यावेत. बसणे छानच होते. अडचण गाडी चालू झाल्यावर यायची.

म्हणून मी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचे लोखंडी माजघर. तिथे कुणी लेथवर, कुणी भट्टीवर, कुणी नुसता टपरीवर उभा असतो, पण प्रत्येकाला यंत्रातले कळते. मिस्त्रींनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि नंदीबैलासारखी बराच वेळ माना डोलावत राहिली.

"सायेब, इंजिन लई ब्येस हाय," मिस्त्री म्हणाले. "फकस्त गुडघं गेल्यात."

मग त्यांनी मला गाडीखाली डोकवायला लावले. पुढे दोन बाजूंना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा, मागे बैलगाडीच्या काळापासून चालत आलेले कमानपाटे, आणि चारी चाकांपाशी एकेक नळकांडे. ते नळकांडे म्हणजे शॉकअप. नावावरून वाटते की हा धक्का खातो. प्रत्यक्षात धक्का खाते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगेचा स्वभाव आमच्या चालू खात्यासारखा आहे: जेवढे भराल तेवढे ती लगेच परत देते, शिल्लक ठेवत नाही. खड्ड्यात दाबली गेली की उसळते, उसळली की पुन्हा दबते. शॉकअप हा तिथला वसुली अधिकारी. त्याच्या पोटात तेल असते आणि बारीक भोकांचा दट्ट्या असतो. दर हेलकाव्याला ते तेल त्या भोकांतून जबरदस्तीने ढकलले जाते आणि हेलकाव्यातला काही भाग उष्णतेच्या रूपाने कापून घेतला जातो. दोन-तीन हप्त्यांत खाते शून्यावर. आमचा वसुली अधिकारी निवृत्त झाला होता, आणि स्प्रिंगा मनसोक्त देवघेव करत होत्या.

ॲडजस्टेबल शॉकअपला बुडाशी एक बटन असते. ते फिरवले की तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. वाट अरुंद केली की शॉकअप कडक, रुंद केली की मऊ. बटन फिरताना टिक-टिक असे टप्पे लागतात. आमच्या जोड्यांना 24 टप्पे होते. शिवाय पुढच्या स्प्रिंगेखाली आट्याची एक बांगडी येते. ती फिरवून बसलेली गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणता येते. "मूळ उंचीवर" हे मी मुद्दाम म्हणतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल मी आधीच वाचून ठेवला होता. कारखान्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालत नाहीत. तेव्हा कापायचे काही नाही, डाग द्यायचा नाही, मूळच्या बोल्टाला मूळच्या जागी बसेल तेवढेच घ्यायचे, अशी मी मिस्त्रींना लेखी अट घातली. मिस्त्रींनी तो कागद वाचला, घडी घातली आणि त्यावर ऑईलची बाटली ठेवली.

रजेच्या अर्जाने थोडा गोंधळ उडवला. मी इंग्रजीत सरळ लिहिले होते, 'सस्पेन्शनच्या कामासाठी एक दिवसाची रजा मिळावी.' बँकेत सस्पेन्शनचा एकच अर्थ असतो. दुपारपर्यंत सारी शाखा माझ्याकडे सुतकातल्या माणसाकडे पाहावे तशी पाहू लागली. युनियनचे सेक्रेटरी स्वतः टेबलापाशी आले आणि खाली वाकून म्हणाले, "घाबरू नका. चौकशीत काही टिकत नसतं. किती रकमेचं आहे?" मी रक्कम सांगितली. माझ्या दीड पगाराइतकी होती. "एवढ्याशासाठी सस्पेन्शन?" ते हळहळले.

रविवारऐवजी मुद्दाम मंगळवार निवडला होता, कारण रविवारी मिस्त्रींकडे सल्लागार फार जमतात. गाडी जॅकवर गेली. मिस्त्रींनी शिंप्याची टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारी बाजू मोजल्या. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा दीड सेंटिमीटरने खाली निघाली.

"ह्या बाजूला जड मानूस बसतोय," मिस्त्री निर्विकारपणे म्हणाले. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हे मी जाणून होतो. सौ. बरोबर आली नव्हती, हे माझे भाग्य.

जुने शॉकअप निघाले. त्यांतला एक हाताने दाबला तर दबला आणि तसाच राहिला. निवृत्त माणसाने दुपारी आडवे व्हावे तसा. मी नव्याचे खोके उघडायला घेतले, तर मिस्त्रींनी हात धरला. "थांबा की! पयलं जुनं रबार काढू. कुजक्या बुशात नवा शॉकअप घालनं म्हंजे किडक्या दातावर सोन्याची टोपी." जोडाजोडांत बसवलेले रबरी बुश खरोखरच सुकून तडकले होते. गाडीतून येणारा निम्मा खडखडाट या रबरांचा होता. दुपारभर ती रबरे ठोकून काढणे आणि नवी दाबून बसवणे चालले. खुद्द शॉकअप बसवायला त्यामानाने वेळ लागलाच नाही. शेवटी मिस्त्रींनी एक बारकी गोष्ट केली. गाडी जॅकवरून खाली उतरवली, चाके जमिनीला टेकली, गाडीचे वजन स्प्रिंगांवर आले, आणि मग बुशांचे बोल्ट आवळले. गाडी टांगलेली असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ही गोष्ट माणसांनाही लागू आहे, पण बँकेत बढतीच्या वेळी ती कुणी पाळत नाही.

गाडी घरी आली आणि खरा प्रश्न उभा राहिला: बटन कितीवर ठेवायचे?

मी कॉमर्सचा माणूस. रात्री कागद घेऊन बसलो. चार शॉकअप, प्रत्येकाचे 24 टप्पे. एकूण जोडण्या 3,31,776. रोज एक करून पाहिली तरी नऊशेहून अधिक वर्षे लागतील. डावे-उजवे सारखेच ठेवायचे असे ठरवले तर 576. दर रविवारी एक म्हटली तर अकरा वर्षे. गणपतीला उरले होते सहा रविवार. तेव्हा मी बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवली आणि तिला 'शॉकअपची खतावणी' असे नाव दिले. तारीख, पुढील टप्पा, मागील टप्पा, शेरा. गुण द्यायचे काम अर्थात अण्णांचे. त्यांनी कपाटातून तांबडे पेन काढले. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते तेज मी प्रथमच पाहिले.

चाचणीचा मार्ग रंकाळ्याच्या बाजूचा, घरापासून घरापर्यंत, गतिरोधक अकरा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक कसा असावा हे लिहिलेले आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी अलगद चढून उतरावी. आमच्या अकरांपैकी एकाचेही त्या मानकाशी दूरचे नातेसुद्धा नव्हते. ते आपापल्या गल्लीतल्या तरुण मंडळांच्या प्रतिभेतून उमललेले होते.

पहिल्या रविवारी मिस्त्रींच्या शिफारशीप्रमाणे सगळे 24 वर, म्हणजे पूर्ण कडक. गाडी रेल्वेच्या रुळावर असल्यासारखी चालली. वळणावर झुकेना, ब्रेकला वाकेना. आणि रस्त्यावर पडलेले शेंगेचे टरफलसुद्धा अण्णांच्या मणक्याला कळू लागले. गुण 31. दुसऱ्या रविवारी सगळे 1 वर. आता गाडीची होडी झाली. पहिल्या गतिरोधकावर घेतलेला हेलकावा दुसऱ्या गतिरोधकापर्यंत पुरला. मागे बसलेल्या आईने चौथ्यानंतर पदर तोंडाला लावला. गुण 40. शेरा: 'काठावर पास.'

त्या दिवशी घरी आल्यावर अण्णांनी मला अंगणात थांबवले आणि मागच्या शॉकअपला हात लावायला सांगितला. तो कोमट होता. "बघ," अण्णा म्हणाले, "रस्त्यावरचा प्रत्येक धक्का इथे येऊन गरम झालाय. जो इथे गरम होत नाही, तो माझ्या पाठीत येतो." मग त्यांनी मला रॉबर्ट हुकची गोष्ट सांगितली. जेवढा जोर, तेवढा ताण, हा स्प्रिंगेचा नियम हुकने शोधला, पण दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून 1676 मध्ये त्याने लॅटिन वाक्याची 14 अक्षरे नुसती वर्णानुक्रमे लावून छापली. अर्थ उघड केला तो 1678 मध्ये. हे ऐकून हुकबद्दलचा माझा आदर दुणावला. दोन वर्षे वस्तू लॉकरमध्ये ठेवून मग किल्ली दाखवणे, हे बँकिंगचेच तत्त्व आहे. मुख्य म्हणजे हीच गोष्ट अण्णांनी मला नववीत सांगितली असणार, आणि मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिसऱ्या रविवारपासून आकडे विचित्र येऊ लागले. पुढे 8, मागे 10 असे मी स्वतः लावले होते, आणि गाडी मात्र वळणावर एका बाजूला लंगडत होती. मी तपासणी केली. मागचा डावा 5 वर, मागचा उजवा 19 वर!

घरातल्या सर्वांचे जबाब घेतले. चिरंजीव, वय सतरा, यांनी कबुली दिली की वळणावर मजा यावी म्हणून त्यांनी मागचे दोन्ही 19 केले होते. मागच्या चाकापाशी नुसते उकिडवे बसले की हात पोचतो. आईने सांगितले की ती नेहमी डावीकडे बसते, म्हणून तिने दूधवाल्याकडून "तेवढंच आपलं" डावे मऊ करून घेतले. दूधवाल्याने किती टिक फिरवले ते मोजले नव्हते. त्याने लिटरमध्ये अंदाज घेतला असावा. मी सक्त हुकूम काढला की यापुढे दोन सह्यांशिवाय कुणी बटनाला हात लावायचा नाही.

पण त्या तपासणीने एक गोष्ट उघड झाली. घरातल्या प्रत्येकाची आरामाची व्याख्या वेगळी होती, आणि इतकी वर्षे ती कुणी बोलून दाखवली नव्हती, कारण गाडीला बटनच नव्हते. सगळे सारखेच हादरत होते आणि त्याला आम्ही एकोपा समजत होतो. बटन आल्याबरोबर ठरवणे भाग पडले की ही गाडी नक्की कुणाच्या पाठीसाठी चालवायची. ते ठरवायला मिस्त्री उपयोगाचे नाहीत आणि 576 चा गुणाकारही उपयोगाचा नाही.

चौथ्या रविवारी मी घरातल्या मंडळींना तसे सरळ सांगून टाकले: पुढची डावी सीट ही या वर्षीची मालकीण, बाकीच्यांनी एसटीतल्यासारखे ॲडजस्ट करायचे. मग काम सोपे झाले. इंजिनिअर लोक म्हणतात की गाडीचा हेलकावा साधारण सेकंदाला एक ते दीड, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या लयीच्या आसपास असला की अंगाला तो गोड वाटतो. सेकंदाला चार ते आठ झाला की बसलेल्या माणसाचा कणा थेट थरथरतो. बटन फार कडक असले की ही बारीक थरथर आत येते, फार मऊ असले की होडी होते. मधली जागा शोधत आम्ही पुढे 7, मागे 9 वर आलो. गुण 52.

पाचव्या रविवारी तेवढेच. मी म्हटले, "अण्णा, आता अजून कुठला टप्पा बघू?"

"तुझ्या उजव्या पायाचा," अण्णा म्हणाले. "त्यालाही टप्पे आहेत. गतिरोधकावर वेग निम्मा केलास, की चाक वर उचललं जाण्याचा वेग निम्मा होतो आणि जिरवायची ऊर्जा चौथाई. या बटनाला ते कितीही फिरवलंस तरी जमणार नाही." सहाव्या रविवारी त्याच टप्प्यांवर, पायाचा टप्पा उतरवून गेलो. गुण 57.

गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. मलकापूरपर्यंत अण्णा पाठीमागची उशी चाचपत होते. आंबा घाटात धुके होते आणि रस्ता पावसाने धुऊन काढलेला, म्हणजे डांबरही धुऊन काढलेले. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. एक मोठा खड्डा शेवटच्या क्षणी दिसला. गाडी खाली गेली, वर आली, आणि एकदाच मान डोलावून गप्प झाली. मी हळूच डावीकडे पाहिले. अण्णांचा हात उशीवरून निघाला होता आणि ते खिडकीबाहेर पाहत होते. दरीतून वर येणाऱ्या ढगाकडे बोट करून ते चिरंजीवांना काहीतरी सांगत होते, बहुधा बाष्पीभवन.

साखरप्याला चहासाठी थांबलो. अण्णा स्वतः दार उघडून, पाय बाहेर काढून, कुणाचा हात न धरता उतरले. टपरीच्या बाकावर बसून त्यांनी वही मागितली, तांबडे पेन काढले आणि बराच वेळ लिहिले. मी वाचले: '62. प्रथम वर्ग. प्रगती समाधानकारक.' खाली सही आणि तारीख.

मी ते दोनदा वाचले. बी.कॉम.लासुद्धा मला 58 च पडले होते.

"वाचून झालं असेल तर इकडे द्या," सौ. म्हणाली. तिने वही चाळली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. "अहो, पुढची सीट झाली, आईंची झाली, चिरंजीवांची झाली. सहा रविवार मी मागे मधोमध बसत्येय. माझा रकाना कुठाय?"

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. प्रश्न अभ्यासक्रमातला होता. मी कप बॉनेटवर ठेवला, मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. मग खतावणीत नोंद घातली: 'मागील दोन्ही शॉकअप, टिक 2, नावे.' खाली दोन सह्या घेतल्या आणि आम्ही गणपतीकडे निघालो.